विंडोज बदला, पण परतीची वाट ठेवून

आज बोलूया घरातल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट्स पूर्वीसारखे आपोआप येत नाहीत. त्यामुळे बऱ्याच घरांत विंडोज ११ घ्यायचं चाललंय. जरूर घ्या, पण माझी फजिती ऐकून घ्या.

मी एका शनिवारी अपग्रेड केलं. ई-मेल उघडली, पुण्याला आईशी व्हिडिओ कॉल झाला, सगळं झकास. बाराव्या दिवशी बाबांची जुनी पत्रं स्कॅन करायला बसलो, तर स्कॅनर चालेना. त्याच्यासाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हरच नव्हता. म्हटलं, जाऊ परत विंडोज १० वर. तर परत जायची सोयच संपलेली!

असं का झालं? अपग्रेड करताना विंडोज जुनी सिस्टीम लगेच फेकून देत नाही. ती त्याच डिस्कवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग रिकव्हरी, तिथे ‘गो बॅक’ दाबलं की जुनं विंडोज परत येतं. मात्र ही मुदत साधारणपणे फक्त १० दिवसांची. नंतर तो फोल्डर आपोआप पुसला जातो. जागा मोकळी करायच्या नादात आपणच तो पुसला, तर १० दिवसही मिळत नाहीत.

परत गेल्यावर आपल्या फाइल्स सहसा राहतात, पण अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि बदललेली सेटिंग्ज जातात. आणि विंडोज १० चा पासवर्ड आठवत हवा, नाहीतर आपणच दाराबाहेर.

मग काय करायचं? आधी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून आपला कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालतो का ते बघा. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरही मान्य यादीतला हवा.

मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो, कागदपत्रं, सगळं कॉपी करा. दोन-चार फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. ‘गो बॅक’ म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्कच बिघडली, तर नवं-जुनं दोन्ही गेलं.

आपल्या मराठी घरांसाठी एक खास गोष्ट. आजोबांच्या आठवणी किंवा मंडळाचा जुना अंक शिवाजी, किरण अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर फाइलबरोबर फाँटही कॉपी करा आणि एक पीडीएफ काढून ठेवा. अपग्रेडमध्ये फाँट सहसा जात नाहीत. पण कोरं विंडोज टाकावं लागलं, तर फाँटशिवाय मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती फक्त त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवणं म्हणजे किल्ली तिजोरीत टाकून दार ओढून घेणं.

अपग्रेड झालं की कॅलेंडरवर आठव्या दिवशी खूण करा. तोवर रोजच्याच नव्हे, वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीही तपासा: प्रिंटर, स्कॅनर, कराचा प्रोग्रॅम, मराठी कीबोर्ड, मुलांच्या शाळेचं सॉफ्टवेअर. काही अडलं, तर मुदतीतच परत फिरा.

बाबांची पत्रं शेवटी एका मित्राच्या घरी जाऊन स्कॅन केली. त्या निमित्तानं दोघांनी मिळून वाचलीही. पण तुम्ही मात्र आठवा दिवस चुकवू नका. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!