बास्केट टाकण्याचा सराव : एक मूल, एक बॉल

मैदानावर पंधरा-वीस मुलं आणि बॉल एक किंवा दोन. ज्याला बास्केट टाकता येतं त्यालाच सगळे पास देतात. ज्याला येत नाही त्याच्या हातात बॉलच येत नाही, मग त्याला जमणार कधी? अशा मुलांसाठी एकट्याने सराव हा उत्तम उपाय आहे. तिथे पाळीची वाट बघायची नाही आणि चुकलं तरी कोणी हसत नाही.

मात्र मुलं एकटी असली की लांबूनच बॉल फेकतात. हे का टाळायचं ते पाहू.

रिंगचा व्यास ४५ सेंमी, मोठ्यांच्या बॉलचा साधारण २४ सेंमी. म्हणजे जागा भरपूर आहे, पण ती वरून येणाऱ्या बॉलला. एक बांगडी डोळ्यांसमोर धरून हळूहळू तिरपी करा. गोल चपटा होत जातो ना? तसंच बॉल ३० अंशांच्या कोनात सपाट आला तर त्याला मिळणारी जागा उरते साडेबावीस सेंमी, बॉलपेक्षाही कमी! म्हणून बॉल उंच कमानीत जायला हवा. लांबून टाकताना लहान मुलांची ताकद पुरत नाही, ती बॉल सपाट ढकलतात आणि तीच सवय लागते. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटर उंच असते, पण मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर असते आणि बॉल ५ नंबरचा असतो, तो याचसाठी.

सराव असा घ्यावा :

१. पाठीवर झोपून बॉल एका हाताने सरळ वर उडवायचा. तो परत हातातच आला तर मनगट सरळ आहे. याला रिंगही लागत नाही.

२. रिंगपासून दोन पावलांवर उभं राहायचं. गुडघे किंचित वाकलेले, बॉल बोटांवर, कोपर बॉलच्या खाली, दुसऱ्या हाताचा फक्त बाजूने आधार. बॉल सुटल्यावर हात क्षणभर वरच ठेवायचा.

३. दहापैकी सात पडले की एक पाऊल मागे. चारपेक्षा कमी पडले तर एक पाऊल पुढे.

४. वहीत लिहायचं : कुठून टाकले, किती पडले, चुकलेले कुठे गेले.

शेवटची नोंद सर्वात महत्त्वाची. बॉल सारखा एका बाजूला जातो? कोपर बाहेर जातंय का बघ. कमी पडतो? गुडघे वाकतायत का बघ. कोणी न सांगता आपली चूक आपणच शोधायची, हे मूल इथे शिकतं. याच वहीतून शेकडेवारी आणि स्तंभालेखही शिकवता येतात.

पालकांनी रोज पंधरा मिनिटं आणि मोकळी जागा द्यावी, बाजूला उभं राहून सूचना देऊ नयेत. घरी आल्यावर "किती पडले?" याऐवजी "चुकलेले कुठे गेले?" असं विचारा. मूल आपोआप बोलू लागेल.