नाताळ सरल्यावरचा पॉइन्सेटिया

पॉइन्सेटियाची लालभडक 'फुले' ही खरे तर पानेच असतात. शास्त्रीय भाषेत त्यांना छद म्हणतात. खरी फुले मधोमध असतात, वाटाण्याहून लहान, हिरवट-पिवळ्या गुंड्यांसारखी. रोप विकत घेताना या गुंड्या मिटलेल्या पाहून घ्याव्यात. परागकण सांडू लागलेले असतील तर लाली फार दिवस टिकत नाही.

हे झाड मूळचे मेक्सिकोचे. तिथले अमेरिकी राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी १८२८ च्या सुमारास त्याची रोपे मायदेशी पाठवली, त्यांचेच नाव पुढे झाडाला पडले. मेक्सिकोत ते 'नोचेबुएना', म्हणजे नाताळची पूर्वरात्र, या नावाने ओळखले जाते. रानात ते दहा-बारा फुटांपर्यंत वाढते. दुकानातली रोपे मात्र वाढ रोखणारी औषधे देऊन बुटकी ठेवलेली असतात, म्हणून दुसऱ्या वर्षी ती उंच होऊ लागली तर ते बिघडल्याचे लक्षण नव्हे.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे कुंडीभोवतीचा चकचकीत कागद काढणे. त्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात. बहुतेक रोपे याच कारणाने दगावतात. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी द्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाली ओसरली की प्रत्येक फांदीवर चार-पाच डोळे राखून छाटणी करावी. कापल्यावर पांढरा चीक गळतो. तो अंगाला लागल्यास खाज सुटू शकते, म्हणून हातमोजे घालावेत. पावसाळ्याच्या तोंडावर कुंडी बदलावी आणि ऑगस्टअखेरपर्यंत अधूनमधून शेंडे खुडावेत, म्हणजे झाड डेरेदार होते.

पुढचा सगळा खेळ अंधाराचा. शेवंतीप्रमाणेच पॉइन्सेटियाही लांब रात्री मोजून फुलतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून आठ-दहा आठवडे त्याला रोज सुमारे चौदा तास अखंड काळोख लागतो. घरात दिवे लागत असतील तर संध्याकाळी सहाला कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे आणि सकाळी आठला काढून ती उन्हात ठेवावी. मध्येच दिवा लागला तरी त्या रात्रीचे कष्ट वाया जातात.

पुणे आणि मेक्सिकोतले टास्को ही गावे जवळपास एकाच अक्षांशावर, साडेअठरा अंशांवर आहेत. टास्कोच्या परिसरात हे झाड रानात वाढते. तिथल्या आणि इथल्या रात्री सारख्याच लांबीच्या असल्याने आपल्याकडे अंगणातल्या पॉइन्सेटियाला खोक्याची गरज पडत नाही. डिसेंबरात तो आपोआप लाल होतो. रस्त्याच्या दिव्याखालचा मात्र हिरवाच राहतो.