तांबेऱ्याचे दोन संसार

आमच्या घराण्यात एक जुने भांडण आहे. आजोबांच्या तरुणपणी एका वर्षी बन्सी गव्हाच्या ताटांवर तांबेरा पडला. पिकातून चालले की धोतर विटकरी होई; दाणे जिऱ्यासारखे चिमले. आजोबा म्हणाले, “धाकट्याच्या वावरातनं आला.” धाकटे आजोबा म्हणाले, “थोरल्याच्या.” तेव्हापासून दोन घरांत जाणे-येणे नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी, घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच. या भांडणाचा निकाल पुस्तकात सापडतो का, म्हणून ग्रंथालयात वनस्पतिशास्त्राचे कपाट उघडले आणि वाचकहो, तेथे एक कादंबरीच हाती लागली.

तांबेरा ही बुरशी आहे. ताटावरच्या तांबड्या फोडांत असंख्य बीजाणू असतात. त्यांतला एक दुसऱ्या ताटावर पडला व त्याला दव मिळाले, की दहा-पंधरा दिवसांत तेथे नवा फोड. यात मीलन नाही. मूळ बीजाणू जसा, तशीच सारी पिलावळ. त्या बीजाणूच्या पेशीत दोन केंद्रके शेजारी शेजारी नांदतात, पण एकजीव होत नाहीत. पीक पिकू लागले म्हणजे त्याच जागी काळे बीजाणू येतात आणि त्यांत मात्र ती दोन केंद्रके एक होतात. थंड देशांत हे काळे बीजाणू हिवाळा काढून रुजतात. रुजताना गुणांची नवी वाटणी होते व नाजूक, रंगहीन बीजाणू बाहेर पडतात. गंमत अशी, की हे गव्हाचे काहीच वाकडे करू शकत नाहीत! त्यांना दारुहळदीच्या कुळातले काटेरी झुडूप लागते. जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी हे १८६५ साली सिद्ध केले. परंतु अमेरिकेतल्या कनेटिकट वसाहतीत ही झुडपे तोडण्याचा कायदा १७२६ सालीच झाला होता. शेतकऱ्याची नजर शास्त्राच्या शंभर वर्षे पुढे होती, याचा मला फार अभिमान वाटला.

झुडपाच्या पानावर बारीक कुप्या उठतात व त्यांतून गोड थेंब पाझरतो. हा थेंब कशासाठी, हे कोडे कॅनडातल्या क्रेगी यांनी १९२७ साली सोडवले. एकटा ठिपका वेगळा ठेवला, तर तो वांझ राही. एका ठिपक्याचा रस दुसऱ्यावर नेऊन लावला, की पुष्कळदा थोड्याच दिवसांत पानाच्या खालच्या बाजूस नारिंगी पेले उमलत. ठिपके दोन प्रकारचे असतात व विजातीयांचेच जमते. रस इकडून तिकडे नेणारा मध्यस्थ कोण, तर माशी! त्या पेल्यांतले बीजाणू पुन्हा फक्त गव्हावर जातात. या संसारातून नवनवे वाण निपजतात आणि काल टिकलेला गहू आज बळी पडतो. अमेरिकेने १९१८ पासून ही झुडपे उपटण्याची मोहीम काढली. (हे वाण ओळखण्यासाठी तेथे जे बारा गहू निवडले होते, त्यांत आपली खपलीही होती.)

मग आपल्याकडे? दारुहळद हिमालयात आहे, निलगिरीवरही आहे. परंतु आग्रा कॉलेजचे प्रा. करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे हिंडून दाखवून दिले, की भारतात या झुडपाचा तांबेऱ्याशी व्यवहार जवळजवळ नाहीच. मैदानी उन्हाळ्यात तांबडे बीजाणू मरतात. काळे बीजाणू होतात, पण त्यांचे लग्न वाया जाते. दक्षिणेकडे निलगिरी-पलनीच्या थंड डोंगरांवर मात्र गव्हावर तांबडे बीजाणू तग धरतात व हिवाळ्याच्या तोंडी वारा-पावसाबरोबर शेकडो मैल उत्तरेला येतात. नवा वाण येथेही निघतो, पण तो गुणांतल्या आकस्मिक बदलाने. १९४६-४७ साली मध्य प्रांतात तांबेऱ्याने हाहाकार केला, तोही मीलनाची वाट न पाहता.

म्हणजे बांध निर्दोष. आजोबांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “वाऱ्यानं आला खरा, पण आधी उतरला कुणाच्या वावरात?” हा प्रश्न खोटा नाही, एकदा उतरल्यावर तो शेताशेतांतून पसरतोच. धाकट्या आजोबांनी मात्र सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पोरी, निलगिरी कुठं आली?” मी वहीत नकाशा काढून दाखवला. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.