शरणकुमार लिंबाळे : आत्मकथेकडून समीक्षेकडे

सोलापूर जिल्ह्यातील हन्नूर येथे 1956 मध्ये जन्मलेले शरणकुमार लिंबाळे 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अक्करमाशी’ या आत्मकथनामुळे महाराष्ट्रभर ओळखले जाऊ लागले. शाळेच्या सहलीत सवर्ण मुलांनी उरवलेले अन्न दलित मुलांना मिळते आणि घरी परतल्यावर आई त्यातले थोडे आपल्यासाठी का आणले नाही असे विचारते, हा त्यातील प्रसंग भुकेचे आणि अपमानाचे नाते जितक्या थेटपणे दाखवतो तितक्या थेटपणे क्वचितच कोणत्या लेखनाने दाखवले असेल.

तरीही त्यांचे अधिक मूलगामी कार्य समीक्षेतले आहे. ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात, म्हणजे कलाकृतीचे मूल्य कोणत्या निकषांवर ठरवावे याच्या विवेचनात, त्यांनी आनंद आणि सौंदर्य या रूढ कसोट्या नाकारून स्वातंत्र्य, समता व न्याय यांना केंद्रस्थानी आणले, आणि गुलामगिरीतून उभ्या राहिलेल्या आफ्रिकन-अमेरिकन साहित्याशी दलित साहित्याची तुलनाही केली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात काम केलेल्या लिंबाळे यांना ‘सनातन’ या कादंबरीसाठी 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला.