खुनी कोण, हे आधीच सांगून टाकलं तर?

वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणा खोडसाळ वाचकाने पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असेल, तर तुम्ही काय कराल? चिडाल. सगळी गंमत गेली म्हणाल आणि पुस्तक परत करायला निघाल. पण एका अमेरिकन मालिकेने हाच खोडसाळपणा जवळजवळ दर भागात, मुद्दाम, उघडपणे केला. खून कुणी केला, कसा केला, पुरावे कसे लपवले, सगळं सुरुवातीलाच दाखवून टाकलं. पोलीस अजून यायचाय आणि आपल्याला सगळं ठाऊक! तरीही लोकांनी ती 1971 पासून 2003 पर्यंत, मध्ये मोठा खंड पडूनसुद्धा, आवडीने पाहिली. मालिकेचं नाव ‘कोलंबो’.

मग उरलेला तास-सव्वातास बघायचं तरी काय?

आपल्याकडच्या कीर्तनाला जमलेले लोक आठवा. कीचकाचा वध होणार हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण म्हणून आख्यान सोडून कुणी उठून जात नाही. काय होणार हे एकदा कळलं, की कसं होणार याची ओढ लागते. ‘कोलंबो’ याच ओढीवर उभी आहे. पण तिची खरी करामत याच्याही पुढची आहे.

जरा विचार करा. खुनाचं गुपित खुनी जाणतो आणि आपणही जाणतो. म्हणजे आपण नकळत खुन्याच्या बाजूला जाऊन बसलो! आता दारातून तो पोलीस आत येतो: चुरगळलेला रेनकोट, विस्कटलेले केस, हातात अर्धवट विझलेली सिगार. खिशात पेन्सिल सापडत नाही, म्हणून खुन्याकडेच मागतो. याला काही कळलंय का? की हा खरंच बावळट आहे? खुन्याला पडलेला हा प्रश्न आपल्यालाही तितकाच पडतो. गुन्हेगाराच्या पोटातलं रहस्य काढून लेखकांनी ते पोलिसाच्या डोक्यात नेऊन ठेवलं. शोधायचा आहे तो खुनी नव्हेच, शोधायचा आहे कोलंबो!

कुणाला सुचलं हे? फिलाडेल्फियातल्या दोन शाळकरी मित्रांना. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक शाळेत असल्यापासून जोडीने गोष्टी लिहीत. उलट्या बाजूने सांगितलेली गुन्हेकथा त्यांच्या आधीही होती. इंग्रज लेखक ऑस्टिन फ्रीमनने 1912च्या एका कथासंग्रहात हा प्रयोग केला होता. आणि कोलंबोचा खरा पूर्वज तर थेट दोस्तोयव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये भेटतो. तिथला पोर्फिरी हा तपास अधिकारी रास्कोल्निकोव्हशी गोड गोड, भरकटलेलं बोलत राहतो आणि बोलता बोलता त्याच्याभोवतीचा फास आवळत नेतो. एकोणिसाव्या शतकातल्या पीटर्सबर्गमधला हा माणूस शंभर वर्षांनी लॉस एंजेलिसच्या कडक उन्हात रेनकोट घालून हिंडू लागला. केवढा प्रवास!

तोही सरळ झाला नाही. कोलंबो पहिल्यांदा पडद्यावर आला 1960 मध्ये, एका तासाच्या नाटिकेत, आणि तेव्हा ते काम बर्ट फ्रीड नावाच्या नटाने केलं होतं. मग त्याचं रंगभूमीवरचं नाटक झालं. तिथे थॉमस मिचेल हा वयस्कर नट कोलंबो झाला. या नाटकाच्या लेखनातच एक नवल घडलं. एक प्रवेश आखूड पडला होता आणि कोलंबो तर निरोप घेऊन बाहेर गेलेला. आता अख्खा प्रवेश पुन्हा टंकायचा? त्या काळी टाइपरायटरवर ते काम जिवावर येई. म्हणून दोघांनी त्याला दारातून परत फिरवलं: एक राहिलंच, साहेब! पुढे कोट्यवधी लोकांच्या ओठी बसलेली ही लकब जन्मली ती पुन्हा टंकण्याच्या कंटाळ्यातून.

पण त्या लकबीत किती जीव आहे बघा. चौकशी संपली की माणूस सैल होतो, श्वास सोडतो, चेहऱ्यावरचा मुखवटा उतरवतो. पोलिसाची पाठ वळलेली असते. नेमक्या त्या क्षणी तो वळतो आणि अगदी क्षुल्लक काहीतरी विचारतो. उत्तराची तयारी नसते. खोटं बोलणाऱ्याची सगळी तटबंदी समोरच्या दाराला असते, आणि हा गृहस्थ दार ओलांडून गेल्यावर हल्ला करतो.

1968च्या दूरचित्रपटात हे काम पीटर फॉककडे आलं आणि मग ते दुसऱ्या कुणाचं राहिलंच नाही. फॉक वयाच्या तिसऱ्या वर्षी डोळ्याच्या कर्करोगाने उजवा डोळा गमावून बसला होता. तिथे काचेचा डोळा होता. कोलंबोची ती तिरकी, मिचमिची नजर, जिचा रोख कुठे आहे हे खुन्याला कधीच धड कळत नाही, तिच्यामागे हे होतं. रेनकोटही फॉकचा स्वतःचा, न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडल्यावर विकत घेतलेला. स्टुडिओच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांमधून खटारा प्यूजो त्यानेच निवडली. शिवाय चित्रीकरण चालू असताना तो अचानक खिसे चाचपायला लागायचा, मध्येच भलतंच बोलायचा. समोरचा नट खराखुरा गोंधळायचा, वैतागायचा. पडद्यावर खुन्याच्या कपाळावर दिसणारी ती आठी कित्येकदा अभिनयाची नसायचीच!

आणि हे खुनी तरी कोण? हार्ट सर्जन, वाद्यवृंदाचे संचालक, बुद्धिबळपटू, कलासमीक्षक. बंगलेवाले, बुद्धिमान, आपल्यापुढे सगळे मूर्ख असं मानणारे. कोलंबो त्यांच्या घराचं कौतुक करतो, बुटांची किंमत विचारतो, आपली बायको तुमची केवढी चाहती आहे म्हणून सांगतो. ती बायको आपल्याला कधीच दिसत नाही. कोलंबोला पहिल्या नावाने हाक मारलेलीही कधी ऐकू येत नाही. तो पिस्तूल बाळगत नाही, आवाज चढवत नाही. त्याचं एकमेव हत्यार म्हणजे समोरच्याचा अहंकार. खुनी त्याला तुच्छ लेखतो, आणि तुच्छ लेखलेल्या माणसापुढे कुणी जपून बोलत नाही.

एक भाग तर जवळून बघायलाच हवा. 1973चा, द्राक्षमळ्याच्या मालकाचा. एड्रियन कार्सिनीचं, म्हणजे नट डोनाल्ड प्लेझन्सचं, वाइनवर अक्षरशः जिवापाड प्रेम. सावत्र भाऊ मळा विकायला निघतो, म्हणून एड्रियन रागाच्या भरात त्याला डोक्यात मारून बेशुद्ध करतो, वाइनच्या तळघरात बांधून ठेवतो, हवा खेळवणारी यंत्रणा बंद करतो आणि प्रवासाला निघून जातो. परतल्यावर मृतदेह समुद्रात टाकतो, पाणबुड्याचा अपघात वाटावा असा. कुठे धागा नाही, साक्षीदार नाही.

कोलंबोला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. तो एका जाणकाराला गाठून विचारतो, दीड तासात यातलं किती शिकता येईल? मग मन लावून शिकतो. पुढे त्याच्या ध्यानात येतं की एड्रियन बाहेरगावी असताना एक दिवस भयंकर उकाडा होता. यंत्रणा बंद असेल, तर तळघरातल्या अमूल्य बाटल्या उकडून खराब झाल्या असणार. पण हे ओळखणार कोण? अशी सूक्ष्म जीभ शहरात एकाच माणसाला आहे, खुद्द खुन्याला! कोलंबो त्याला जेवायला बोलावतो आणि त्याच्याच तळघरातली बाटली गुपचूप त्याच्यापुढे मांडायला लावतो. एड्रियन एक घोट घेतो आणि संतापाने उसळतो, ही वाइन उष्णतेने नासलेली आहे! झालं. आपल्या गुन्ह्याची साक्ष त्याच्याच जिभेने दिली. थक्क व्हायला होतं ते यासाठी की त्याला पकडलं ते त्याच्या चुकीने नव्हे, त्याच्या सर्वोत्तम गुणाने. आणि कोलंबोला याचा आनंद होत नाही. तुरुंगाकडे जाताना तो गाडी थांबवतो आणि दोघे मिळून एक चांगली वाइन पितात. गुन्हेगाराला पकडूनही त्याच्या जाणकारीचा मान राखणारा असा पोलीस पडद्यावर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

याउलट 1971च्या एका भागात त्याने दयामाया दाखवलेली नाही. कलासमीक्षक डेल किंग्स्टन काकाचा खून करून चोरलेली दोन चित्रं काकूच्या घरी लपवतो, आळ तिच्यावर यावा म्हणून. चित्रं सापडतात, पोलीस त्यावर बोटांचे ठसे शोधतात. डेल निश्चिंत आहे, कारण काकाच्या संग्रहातल्या चित्रांवर त्याचे ठसे असले तरी बिघडत नाही. ठसे निघतात ते मात्र कोलंबोचे! आदल्या भेटीत डेलच्याच घरी त्याने वेंधळेपणाने चित्रं ठेवलेल्या पिशवीत हात घातला होता. डेल ओरडतो, याने आत्ताच, इथेच हात लावला असणार. कोलंबो काही बोलत नाही. तो खिशातून दोन्ही हात बाहेर काढतो. हातांत मोजे आहेत.

पिशवीत हात घालतानाच त्याला सगळं ठाऊक होतं का? ते कळायला तो भाग मागे नेऊन पुन्हा बघावा लागतो. या मालिकेचा खरा नाद दुसऱ्या वेळी लागतो, तो यामुळे. दुसऱ्यांदा आपण खुन्याकडे बघतच नाही, बावळट दिसणाऱ्या त्या माणसाच्या नजरेवर पाळत ठेवतो.

सुरुवात कुठून करायची विचाराल, तर मालिकेच्या नियमित भागांतला पहिलाच घ्या. जोडीने रहस्यकथा लिहिणाऱ्या दोन लेखकांपैकी एक दुसऱ्याचा खून करतो (जोडीने लिहिणाऱ्या लेव्हिन्सन आणि लिंकच्या मालिकेत!). दिग्दर्शक आहे चोविशीतला स्टीव्हन स्पीलबर्ग. सुरुवातीला संगीत नाही, नुसती टाइपरायटरची टकटक आणि रस्त्याने जवळ येणारी खुन्याची गाडी. पुढे खुनी लेखकाच्या अंगणात मृतदेह सापडतो, तो पोलिसांना फोन करतो, आणि पोलीस येईपर्यंतच्या वेळात आलेली टपाल पाकिटं उघडतो. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. कोलंबोला वाटतं. पाकिटांकडे त्याची नजर कधी जाते, तेवढं बघा.