पहिलं पिस्तूल घेताना

रेंजवर नवीन आलेल्या मुलांचे पालक साधारण तीन-चार महिन्यांनी एकच प्रश्न विचारतात, "कोणतं पिस्तूल घेऊ?" आणि त्यांना उत्तरात कंपनीचं नाव हवं असतं. प्रश्न साधा नाही, कारण स्पर्धेच्या दर्जाचं परदेशी एअर पिस्तूल म्हणजे दीड-दोन लाखांचा मामला. एवढ्या पैशांत घरात चांगली दुचाकी येते. म्हणून आज कंपन्या थोड्या बाजूला ठेवू आणि पिस्तुलात बघायचं काय ते समजून घेऊ.

कायद्याचं आधी उरकतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम आहेत. नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल पाच-सहा ज्यूलच्या आसपास असतं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात. तिथे ०.२२ बोअरचं पिस्तूल लागतं, त्याला परवाना लागतो. म्हणजे नवशिक्याचं पहिलं पिस्तूल एअर पिस्तूलच. मात्र परवाना नाही म्हणजे खेळणं आहे असं समजू नका. त्या छऱ्यानं डोळा जाऊ शकतो. घरी पिस्तूल कुलपातच राहिलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. १० मीटरवरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. नेम धरताना हात हलतो. तुमचा हलतो, ऑलिंपिकवाल्याचाही हलतो. समजा, हात पिस्तुलासकट ५ मिलिमीटर उजवीकडे सरकला, पण पुढची आणि मागची साइट एकमेकींच्या रेषेत राहिली. मग छर्रा ५ मिलिमीटरच उजवीकडे लागेल, आणि तोही दहाच आहे! आता उलटं बघा. हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळलं आणि पुढची साइट मागच्या खाचेच्या मानाने फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली. दोन साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर आणि टार्गेट १० मीटरवर, म्हणजे एकतीस पट लांब. ती १ मिलिमीटरची चूक टार्गेटवर ३१ मिलिमीटर होते. दहाचा शॉट सातच्या कडेला जातो.

म्हणून हात हलण्याची फार काळजी करू नका, मनगट वळण्याची करा. आणि ट्रिगर दाबताना मनगट वळेल की नाही, हे मोठ्या प्रमाणात ठरतं ग्रिपवर, म्हणजे मुठीवर. नळी सगळ्या नावाजलेल्या कंपन्यांची उत्तमच असते. शिकाऊ नेमबाजाचे गुण नळीमुळे जात नाहीत, ते बहुतेक वेळा मुठीत जातात.

मूठ मोठी असेल तर बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचतं. मग बोटाचं टोक ट्रिगर सरळ मागे ओढण्याऐवजी तिरका ढकलतं. मूठ लहान असेल तर बोट जास्त आत शिरतं आणि उरलेली बोटं गरजेपेक्षा आवळली जातात. दुकानात किंवा रेंजवर ही परीक्षा करून बघा. (अर्थात पिस्तूल रिकामं आहे हे आधी स्वतः तपासून, आणि नळी टार्गेटच्याच दिशेला ठेवून.) पिस्तूल नीट धरा, डोळे मिटा, हात नेहमीसारखा उचला, सैल श्वास सोडा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. एकदा जमलं तर तो योगायोग असू शकतो, म्हणून दहा वेळा करा. दर वेळी ती एकाच बाजूला दिसत असेल, तर ती मूठ तुमच्या हाताची नाही. मन मारून मनगट वळवून ती मध्ये आणू नका. साठाव्या शॉटपर्यंत ते मनगट तुमचं ऐकणार नाही.

यावर उपाय आहे, आणि तो पिस्तूल बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. मुठी वेगवेगळ्या मापांत मिळतात, डावऱ्यांसाठी वेगळ्या असतात. तळहाताखालची फळी वर-खाली करता येते. लाकडी मूठ असेल तर जाणकार प्रशिक्षक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसतो, जिथे टोचतं तिथे घासतो, जिथे पोकळी राहते तिथे वूड पुट्टी भरतो. नव्या कोऱ्या महागड्या वस्तूला कानस लावताना पालकांचा जीव वरखाली होतो, पण ती मूठ घासण्यासाठीच असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा हात वाढणार, म्हणून काही जण मोठी मूठ घेऊन ठेवतात. शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतला तर चालतं, इथे चालत नाही. आज बसेल ती मूठ घ्या, दोन वर्षांनी फक्त मूठ बदला.

डोळ्याचंही बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी ठेवा, त्यातून समोरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ जागेवर राहतं, तो तुमचा प्रबळ डोळा. हात उजवा आणि डोळा डावा असं निघालं, तर उजवी मूठ घ्यायची की डावी, हे प्रशिक्षकाशी बोलूनच ठरवा.

वजनाची नियमातली कमाल मर्यादा १५०० ग्रॅम आहे. बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात, लहान मुलांसाठी आखूड, हलकी येतात. सहाव्या शॉटला हलकं वाटणारं पिस्तूल चाळिसाव्याला जड होतं, म्हणून उसनं घेऊन पूर्ण ६० शॉट मारल्याशिवाय मत बनवू नका.

ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम हवं, त्याखाली गेलं तर तपासणीत अडकाल. मेकॅनिकल ट्रिगर घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक दाबायला फार सुरेख असतो, यात वाद नाही. पण २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला आणि दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं पदकं मिळवली, तो भाग वेगळा. तिच्याजवळ निदान संघाचा लवाजमा होता. तुमच्या गावात सर्किट दुरुस्त करणारा कोण आहे? माझं मत विचाराल तर पहिलं पिस्तूल मेकॅनिकलच घ्या.

"सर, जुनं घेतलं तर चालेल का?" चालेल, आणि मी तर ते सुचवतो. फक्त हवेचा सिलिंडर बघा. त्यात २०० बार दाबाची हवा असते, स्कूटरच्या टायरमध्ये जेमतेम दोन बार. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि कंपनीची मुदत साधारणपणे १० वर्षांची असते. मुदत उलटली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करून घ्या, कारण स्पर्धेत ती जबाबदारी खेळाडूचीच मानतात. मग पाच शॉट मारून छिद्रं एकमेकांजवळ पडतात का पाहा, मुठीला कुणी किती घासलंय ते पाहा, आणि मूळ पावती मागा. पावती नसेल तर व्यवहार सोडून द्या.

आणि तोवर? क्लबचं पिस्तूल वापरा. फक्त रोज तेच एक मिळेल, एवढं प्रशिक्षकांना सांगून ठेवा.