विंडोज आणि लिनक्स: ऑर्डरची यादी एकच ठेवा!



समजा, रत्नागिरीत घरूनच तुमचा हापूसचा धंदा आहे. ऑर्डर विंडोज लॅपटॉपवर घेता, आणि पॅकिंगच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचं लिनक्स मिंट आहे. यादी पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे जाते. ऐन सीझनला दोन याद्या होतात आणि कुणाच्या तरी पेट्या राहून जातात. गिऱ्हाईक तुटतं ते असं.

उपाय सोपा आहे. एकच फोल्डर, दोन्हीकडून तोच उघडायचा. कॉम्प्युटर एकाच राउटरवर हवेत, इंटरनेट नसलं तरी चालतं.

१. विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर. आपलं खातं निवडा.

२. मिंटमध्ये ‘फाइल्स’ उघडून कंट्रोल आणि एल दाबा. इंग्रजीत एसएमबी, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पुढे लॅपटॉपचा आयपी पत्ता टाइप करा.

३. पासवर्ड विचारेल. इथे पिन चालत नाही, विंडोज खात्याचा पासवर्डच लागतो.

जमलं नाही म्हणून जुनं ‘एसएमबी १’ चालू करू नका. २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. आणि एका वेळी एकानेच फाइलमध्ये बदल करा.

आता यादी एकच, म्हणजे लॅपटॉप बिघडला की तीही गेली. म्हणून रोज रात्री पेन ड्राइव्हवर कॉपी काढा. पेन ड्राइव्हचं खरं काम हेच!